कोट पिवळा कुणी केला?

"डोळे मीट. घट्ट मीट. चोरून पाहशील, तर गोष्ट पळून जाईल हं!"

हा माझ्या आत्याचा आवाज. मी तेव्हा सात वर्षांची, अंगभर गोवर, खिडकीला दुहेरी पडदा, कारण उजेड डोळ्यांना सोसत नव्हता. आत्या बाहेरून आली ती तडक माझ्या उशाशी, चपला पायातच. तिच्या आवाजात त्या दिवशी काहीतरी उसळत होतं, उकळत्या पातेल्यावरचं झाकण थडथडावं तसं. मी डोळे मिटले. तिने कुठलीशी गोष्ट सांगितली. गोष्ट मी कधीच विसरले, पण मिटल्या पापण्यांच्या आत जे रंग फुटले ते अजून गेलेले नाहीत. तेव्हापासून मला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त दिसतं.

आणि त्याच कानांवर माझं पोट चालतं. मी कादंबऱ्यांची मुखपृष्ठं काढते. दोन भावांच्या भांडणाची कादंबरी होती, तिच्यावर मी मधली पायरी नसलेली एक शिडी काढली, बस्स, तेवढीच. लेखक ढसाढसा रडला म्हणे. लोक म्हणतात, "बाई, तुम्ही किती खोल वाचता हो!" मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो. असते ती लाज. कारण खरं सांगायचं तर पंधरा वर्षांत मी एकही कादंबरी वाचलेली नाही. वाचते ती आत्या. मी ऐकते.

आमची रीत ठरलेली. आत्या खिडकीशी वेताच्या खुर्चीत, मांडीवर लेखकाच्या हातची पानं. मी खाली फरशीवर, समोर कोरा कागद. पहिल्या वाचनाला ब्रशला हात लावायचा नाही. दुसऱ्या वाचनाला जे आपल्या पायांनी परत येईल, तेवढंच कागदावर उतरवायचं. बोलावणं गेल्याशिवाय आलेला पाहुणाच खरा, असं आत्या म्हणते. तिने तीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात काढली. कानाला यंत्र लावून, तारेची खुंटी या भोकातून त्या भोकात खोचत, या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायची. त्यामुळे माणसं कशी बोलतात ते तिला पाठ. ती वाचते तेव्हा खलनायक खोकतो, सासू नाक ओढते आणि घोडासुद्धा स्वभावाप्रमाणे खिंकाळतो.

हे गुपित आम्हा दोघींचं. प्रकाशकालाही ठाऊक नव्हतं. प्रकाशकाला आम्ही घरात घाईसाहेब म्हणतो. ते जिना चढताना बोलायला लागतात आणि उतरताना वाक्य पूर्ण करतात. खुर्चीत बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचतात, 'वा' म्हणतात आणि छापायला घेतात. तेही मुखपृष्ठ आधी, आतली पानं मागाहून. "तोंड धुऊन तयार असलं की अंगाला कितीसा वेळ लागतो?" हा त्यांचा हिशेब.

त्यांनीच ती कादंबरी आणली. नाव, 'न नेलेले कपडे'. लिहिणारे दातांचे डॉक्टर. पहिलीच कादंबरी. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात सहा वर्षं लिहीत होते.

कादंबरीतली बाई कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात खिडकीमागे बसते. लोक कपडे टाकून जातात, काही जण न्यायला येतच नाहीत. भिंतीला लागून त्या न नेलेल्या कपड्यांची रांग. एक माणूस दर आठवड्याला कोट घेऊन येतो. कोट स्वच्छच असतो. बाईला कळतं, की हा कोट धुवायला येत नाही, दुसऱ्याच कामाला येतो. दोघांपैकी कुणीच काही बोलत नाही. मग एक दिवस तिला कोटाच्या खिशात चिठ्ठी सापडते, 'रविवारी अकरा वाजता बसथांब्यावर आहे. या.'

आत्याला त्या दिवसांत दाढेने छळलं होतं. गालात लवंग धरून ती वाचायची. पण कोट आल्यापासून दाढही विसरली. शेवटचं प्रकरण तर तिने एका दमात वाचलं. अंहं, वाचलं कुठे, गायलं म्हणा. बाई चिठ्ठी वाचते, रविवारी दुकानाला कुलूप लावते आणि निघताना तो हळदीसारखा पिवळा कोट स्वतःच अंगात घालते. तिला केवढा तरी मोठा! बाह्या गुडघ्यापर्यंत. आणि ती पळत सुटते. पळता पळता तिला हसू फुटतं, लोक वळून बघतात, पण ती काही थांबत नाही. आत्याने पानं मांडीवर ठेवली आणि पायाने ठेका धरला:

*कोट अंगाहून मोठा, हात बुडाले बाहीत*
*पाय निघाले रस्त्याला, कुठे जायचे? माहीत!*

"आत्या, हेही डॉक्टरांनी लिहिलंय?"

"हे माझं पदरचं," ती म्हणाली. "बाकीचं... पुढे चल, ब्रश घे."

मी ब्रश घेतला. काय सांगू, हात माझा राहिलाच नाही! पिवळा कोट असा उतरला, की कागदावर ऊन सांडल्यागत दिसू लागला. बाईचा चेहरा अर्धाच, कारण अर्धा हसण्याने मागे गेलेला. आणि तिच्या डोक्यावर ते न नेलेले कपडे, सदरे, झगे, एक एकटा मोजा, दोरीवरून सुटून तिच्यामागे उडत चाललेले. जणू तिला पोहोचवायला निघालेलं वऱ्हाड. पंधरा वर्षांत मी असं काही काढलं नव्हतं. त्या बाईकडे बघून मीच दोनदा उगीच हसले.

घाईसाहेब ते चित्र बघून दारातच गरकन वळले. "आजच छापतो! पिवळी शाई आज यंत्रावर चढलेलीच आहे!" आणि बाराशे मुखपृष्ठं छापूनही झाली.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. आवाज बसलेला. म्हटलं, फोनवर तरी बसले बिचारे.

"अहो, डॉक्टरांनी मुखपृष्ठ पाहिलं. ते विचारतात, हा कोट हिच्या अंगात कसा?"

"शेवटच्या प्रकरणात घालते की ती."

"शेवटच्या प्रकरणात," घाईसाहेब एकेक शब्द वेगळा करत म्हणाले, "ती चिठ्ठीला इस्त्री करते. घडी घालून परत खिशात ठेवते. कोट परत देते. आणि खिडकी लावून घेते. मी आत्ता वाचलं. तुम्ही काय वाचलंत?"

मी वेताच्या खुर्चीवरून पानं उचलली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी कादंबरी वाचली. शेवटची सहा पानं. पळणं नाही, हसणं नाही, बसथांबा नाही; चिठ्ठीतही ना रविवार, ना अकरा वाजता, नुसतं 'या.' इस्त्रीची वाफ आणि बंद खिडकी. मग मागे गेले. कोट जिथे जिथे आला होता, तिथे तिथे तो राखाडी होता. 'राखाडी कोट.' 'त्या राखाडी कोटाची बाही.' पिवळा हा शब्द सबंध कादंबरीत एकदाच होता, तोही साबणाच्या वडीला.

आत्या आत झाडांना पाणी घालत होती. गाल टम्म सुजलेला.

"आत्या, कोट!"

"कुठला कोट?"

"तू वाचलास तो!"

"मग? बरा होता की नाही?"

"तो राखाडी आहे! आणि ती तो घालत नाही!"

"अगोबाई." तिने झारी दुसऱ्या कुंडीकडे वळवली. "दाढ ठणकत होती. ओळ चुकली असेल."

"सहा पानांची ओळ?"

"मोठी दाढ आहे ती."

मी हसू नये म्हणून ओठ चावला. हसायची वेळच नव्हती. दुपारी चार वाजता डॉक्टरांनी दवाखान्यात बोलावलं होतं. त्यांनी नको म्हटलं, तर बाराशे पिवळे कोट कातरयंत्रात जाणार होते, आणि माझ्या हातून उतरलेली एकुलती एक खरीखुरी बाई त्यांच्यासोबत. बांधणीवाला चार वाजल्यापासून हात बांधून बसणार होता.

"मी एकटी जाते," मी म्हटलं.

"एकटी कशी? मला दाढ दाखवायचीच आहे," आत्या म्हणाली आणि चपला शोधू लागली.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. पांढरी भिंत, तिरकी होणारी खुर्ची, वर डोळे दिपवणारा दिवा. डॉक्टर दारात मावणार नाहीत असे उंच, आणि चेहरा असा, की जन्मल्यावर यांनी रडायच्या आधी विचार केला असेल. अवजारांच्या तबकात, आरसा आणि चिमट्याच्या मधोमध, माझं मुखपृष्ठ ठेवलेलं. घाईसाहेब खिडकी ते दार, दार ते खिडकी.

"बसा," डॉक्टर म्हणाले. बसायला एकच खुर्ची होती, तिरकी होणारी. तिच्यात आत्या जाऊन बसली.

"मला रागवायचं नाही," डॉक्टर मला म्हणाले. आवाज मऊ, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "चित्र सुंदर आहे. मी दोन दिवस ते समोरून हलवू शकलो नाही. पण ही माझी बाई नव्हे. मला एवढंच सांगा, तुम्ही काय वाचलंत?"

आता लपवून काय उपयोग? झाकली मूठ उघडलीच पाहिजे होती.

"मी वाचत नाही," मी म्हटलं. "मला वाचता येतं, पण वाचलं की अक्षरं दिसतात, माणसं दिसत नाहीत. माझी आत्या वाचून दाखवते. आजवरची सगळी मुखपृष्ठं तिच्या आवाजाची आहेत."

घाईसाहेब खिडकी आणि दार यांच्या मधेच थांबले. "सगळी?"

"सगळी."

"शिडीसुद्धा?"

"शिडीसुद्धा."

त्यांनी कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र हळूच खुर्चीकडे वळले. "म्हणजे कोट तुम्ही घातलात तिला? आजी?"

"आजी कुणाची हो?" आत्या उसळली. "आरशात बघा जरा. तुमचे केस माझ्याहून पांढरे आहेत."

"चुकलो. ताई." डॉक्टरांच्या मिशीचं एक टोक हललं. "गाल सुजलाय तुमचा. आ करा बघू."

"आधी भांडण, मग दाढ."

"मला एकत्रच जमतं. आ करा."

आणि मग जे झालं ते कुठल्या मुखपृष्ठावर मावणार नाही. आत्याचं तोंड उघडं, त्यात आरसा, एक चिमटा, कापसाचे बोळे, आणि डॉक्टर आत डोकावून कादंबरीवर बोलताहेत.

"ती तीस वर्षं त्या खिडकीमागे आहे. ती जाईल कशी?"

"आँ आँ!"

"नाही, तिच्या स्वभावात नाही ते. ती कुणाचं काही स्वतःकडे ठेवत नाही. म्हणूनच चिठ्ठीही परत करते."

"आँऽऽ! ऊँ आँ!" आत्याने हवेत एक बोट असं नाचवलं, की दिवा हलला.

"काय म्हणताहेत?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"शुद्ध भित्री आहे, म्हणतेय."

"भित्री?" डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "माझी बाई भित्री नाही. सहा वर्षं ओळखतो मी तिला!"

आत्याने गालातला बोळा काढून तबकात टाकला. "मी एकतीस वर्षं ओळखते."

घाईसाहेबांचं घड्याळ तेवढं टिकटिकत राहिलं, तेही घाईघाईने.

डॉक्टरांनी खुर्ची आणखी तिरकी केली. मग त्यांनी सुई भरली. "दाढ काढावी लागेल. हे टोचतो. दहा मिनिटांत गाल बधिर होईल." टोचून झाल्यावर त्यांनी तबकातून मुखपृष्ठ उचललं आणि तिच्यासमोर धरलं. "दहा मिनिटं आहेत आपल्याकडे, ताई. माझ्या हिला कोट कुणी घातला, आणि तो पिवळा का, एवढं खरं सांगा. खरं असलं तर हे मुखपृष्ठ राहील. नाहीतर नाही. मला खोटा दात आणि खोटं उत्तर बोटाने कळतं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता दाढेवर ढकलेल. झारी नव्हती ना हातात, नाहीतर कुंडी बदलली असती.

"एक माणूस होता," ती म्हणाली. "दर मंगळवारी तीन वाजता फोन करायचा आणि एक नंबर मागायचा. तो नंबर कुठे नव्हताच. मी सांगायचे, 'साहेब, हा नंबर अस्तित्वात नाही.' तो म्हणायचा, 'असं का? बरं, पुढच्या मंगळवारी बघू.' दोन वर्षं! शेजारच्या मुली मंगळवारी पावणेतीनलाच खुदखुदायला लागायच्या. एकदा मी म्हटलं, 'साहेब, दुसरा एखादा नंबर मागा ना, जोडून तरी देईन.' तर म्हणाला, 'जोडून दिलात की तुम्ही बाजूला होता. मला तेच नको आहे.'"

"अरे वा," घाईसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"मध्ये बोलू नका हो, गाल जड होतोय. मग एका मंगळवारी म्हणाला, 'रविवारी अकरा वाजता बसथांब्यावर येतो. तुम्ही मला पाहिलेलं नाही, म्हणून ओळखू येईल असा कोट घालतो. आलात तर आलात. नाहीतर अकराच्या पुढच्या बसने मी जाणार, बदली झाली आहे माझी.'"

डॉक्टर स्टुलावर बसले होते. मुखपृष्ठ गुडघ्यावर. "आणि तुम्ही गेला नाहीत," ते हळूच म्हणाले. "तेच तर मी लिहिलंय."

"गेले होते!" आत्या म्हणाली. अर्धा ओठ आता तिचं ऐकत नव्हता, पण आवाज तसाच, तारेतून यायचा तसा खणखणीत. "साडेदहालाच गेले होते."

मी तिच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी तिला लग्न का केलं नाहीस म्हणून तीनदा विचारलं असेन. पहिल्यांदा तिने सांगितलं, वेळ नव्हता. दुसऱ्यांदा सांगितलं, उंची नव्हती. तिसऱ्यांदा म्हणाली, चहा टाक.

डॉक्टरांनी मुखपृष्ठाकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्या पळणाऱ्या बाईच्या अर्ध्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. मग ते घाईसाहेबांकडे दिलं आणि मान हलवली. होकाराची. आतलं एक अक्षर बदलतो असं ते म्हणाले नाहीत. बाई आत खिडकी लावेल आणि बाहेर पळत सुटेल. दोन्ही राहील.

घाईसाहेबांच्या हातात बाराशे प्रतींची सुटका होती, तिकडे बांधणीवाला वाट पाहत होता. मी म्हटलं, आता हे जिन्यात असतील. पण त्यांनी भिंतीशी पडलेलं रिकामं खोकं पायाने ओढलं आणि त्यावर चक्क बसले.

"मग?" ते म्हणाले. "पुढे?"

आत्याने दिव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठाचं चालतं टोक वर चाललं होतं.

"डोळे मीट," ती मला म्हणाली.

"नाही मिटणार. आज नाही."

"बरं. मग ऐक. त्या दिवशीही मी तुला डोळे मिटायला सांगितले होते, तुला गोवर आला होता तेव्हा. तिथूनच आले होते मी, चपलांसकट. आजवर स्वतःला हेच सांगत आले की मी भ्याले. भ्याले नव्हते गं. रस्त्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो, आणि त्याच्या अंगात तो कोट! अगं, इतका पिवळा! असा पिवळा रंग माणसाने अंगात घालायचा असतो का? त्याला दोन मापं मोठा, बाह्या लोंबताहेत, कुणाचा तरी मागून आणलेला, आणि हा बिचारा त्यात ताठ उभा. मला हसू फुटलं. म्हटलं, हसू आवरते आणि मग जाते, असं दात काढत पहिल्यांदा कसं भेटायचं? आवरायला गेले की आणखी यायचं. पोट धरून हसत होते मी एका खांबाआड. आणि बस आली. आणि तो गेला." तिने गालावरून हात फिरवला, बधिर बाजूने, म्हणून तिला स्वतःचे अश्रू लागले नसावेत. "आवरायला नको होतं मी. तशीच हसत हसत रस्ता ओलांडायला हवा होता."